भोपळ्यातली सुरी

सुरी निम्मी आत गेली आणि अडकली. अनुजानं मूठ दोन्ही हातांनी धरून वर ओढली, तर भोपळाच सुरीबरोबर उचलला गेला. आठव्या महिन्याच्या पोटामुळे तिला ओट्याजवळ नीट उभंही राहता येत नव्हतं. तिनं भोपळा खाली ठेवला आणि दाराकडं पाहिलं.

तांबडा भोपळा पाच दिवस ओट्यावरच होता. तिला घारगे खायचे होते. पण तिच्या सासूच्या, झुंबरबाईंच्या लेखी आख्खा भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. बाईनं त्याला पहिली सुरी लावायची नाही, पोटुशीनं तर नाहीच. बायको पोटुशी असताना नवऱ्यानंही लावायची नाही, म्हणजे उदयसिंह बाद. उरले सासरे, जोतीराम. त्यांनी सोमवारीच सांगून टाकलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं. सून मुकाट्यानं चंदगडला जायला तयार झाली तर लगेच कापतो, नाहीतर भोपळा तिथंच कुजू दे. उदयसिंहनं राजारामपुरीतून तयार घारगे आणायची तोड काढून पाहिली. त्यावर तिघंही एकदम त्याच्यावर खवळली. त्या आठवड्यात तिघांचं एकमत झालं ते एवढ्याच बाबतीत.

अनुजा तयार झाली नव्हती. तिला न विचारताच तिच्या भावाला फोन गेला होता आणि उद्या सकाळी तो गाडी घेऊन न्यायला येणार होता.

वर्षभराच्या चटणीच्या मिरच्या गच्चीवर पसरून झुंबरबाई खाली आल्या. त्यांनी आधी सुरी पाहिली, मग सुनेला.

“हे कुणी केलं?”

“घरात दुसरं कोण आहे?”

झुंबरबाईंनी आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. खायला जीभ एवढी वळवळत होती तर एक दिवस कळ काढायची होती, असं त्या म्हणाल्या. उद्या माहेरी जाऊन भोपळे काप, नाहीतर भिंती फोड, कोण विचारायला येणार नाही. पोटातल्या पोराच्या जिवावर उठलेली आई त्या पहिल्यांदाच बघत होत्या म्हणे.

“माहेरी कोण आहे?” अनुजा म्हणाली. “बाबा आणि दादा. आई गेल्यापासनं सगळं तेच करतात. भोपळा कापतील की. मला न्हाऊ पण घालतील. तुम्ही फक्त एवढं सांगा आत्ती, शेक-शेगडी कोण करणार? बाबा का दादा?”

गुडघे दुखतात, बाळंतपण निभणार नाही, असं झुंबरबाईंनी महिनाभर ऐकवलं होतं. आता ते पुढं केलं नाही. त्या सुरीकडं बघत राहिल्या.

बाहेर खुर्ची सरकली. चहाचं काय झालं, असं विचारत जोतीराम दारात आले. तोवर झुंबरबाईंनी सुनेला कोपरानं बाजूला सारलं होतं. पडावी इतक्या जोरानं नाही, पण लागावं इतक्या. सुरीची मूठ आता त्यांच्या हातात होती.

“कुणी लावली सुरी?” जोतीरामांनी विचारलं.

“मी,” झुंबरबाई म्हणाल्या.

“तू?”

“व्हय. पाच दिस तुमच्या तोंडाकडं बघून झालं. काय व्हायचं ते मला हुईल. माझं मी बघतो.”

जोतीरामांनी अनुजाकडं पाहिलं. ती फरशीकडं पाहत होती. मग त्यांनी बायकोला ऐकवलं की साठीला यायच्या आधीच तिची बुद्धी नाठली, असल्या घारग्यांना ते बोट लावणार नाहीत, आणि चहात साखर कमी. एवढं सांगून ते परत खुर्चीत जाऊन बसले.

झुंबरबाईंनी सुरीसकट भोपळा डोक्यापर्यंत उचलला आणि ओट्यावर आपटला. पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा तो फुटला. बिया शेगडीवर, भिंतीवर, अनुजाच्या गाऊनवर उडाल्या.

“माझ्यासाठी खोटं बोला असं मी म्हणाले नव्हते,” अनुजा हळू आवाजात म्हणाली.

“त्वांड मीट आणि किसणी घे. बारीक किस. गूळ मी घालतो, तुझ्या हाताला अंदाज न्हाय.”

अनुजा खुर्ची ओढून किसायला बसली. मुद्दाम जाडसर किसू लागली. झुंबरबाईंनी ते पाहिलं. चहाचं आधण ठेवून त्यांनी फ्रीजवरचा मोबाईल घेतला आणि चंदगडला, अनुजाच्या वडलांना फोन लावला. पिराजींना कमी ऐकू येई, म्हणून त्यांच्याशी त्या नेहमीच ओरडून बोलत. आज जरा जास्तच ओरडल्या.

“पावणं, लेकीला काय शिकवलंय का न्हाय तुमी? साधा भोपळा किसायला येत न्हाय. वर उलटून बोलती. असली बया तुमच्या दोघा बाप्यांच्या गळ्यात मी घालत न्हाय. उद्या गाडी पाठवू नगासा.”

किसणीचा आवाज थांबला. पलीकडून पिराजी काहीतरी विचारत होते. झुंबरबाईंनी ते अर्ध्यावरच तोडलं.

“ते ऱ्हाऊ द्या. तांदूळ तेवढा धाडा. आणि जुना बघून धाडा, नवा बाळंतिणीला चालत न्हाय.”