पायवाटेकडेचे चेस्टनट

म्हाताऱ्या ओरेस्तेला पायवाटेलगत पडलेले चेस्टनट कधी दिसतच नसत. "बाबा, डोळे दाखवून या! पोतंभर माल मागे राहिला," असं त्याचा मुलगा दारियो दरवर्षी करवादायचा.

मग ओरेस्ते वारला. या हंगामात दारियोने रान पार झाडून काढलं आणि व्यापाऱ्याला एक पोतं जास्त घातलं.

नोव्हेंबरातला सान मार्तिनोचा सण उलटला की रानात उरेल ते वेचणाऱ्याचं. दुसऱ्याच सकाळी शेजारची विधवा जेम्मा टोपली घेऊन, काठी टेकत आली. पायवाटेकडेची पानं ती बराच वेळ उलथत राहिली. दारियो दिसताच म्हणाली,

"यंदा झाडं रुसली का रे पोरा? दळून हिवाळ्याचं पीठ होईल इतकेही नाहीत."

दारियोने पायवाटेवरून खाली पाहिलं. खालच्या दरीत, काट्याकुट्यांत पडलेला एकही चेस्टनट बाबांच्या नजरेतून कधी सुटला नव्हता.