हरायचा डाव

कागेहाने पुन्हा मक्याचाच पत्ता टाकला.

"अहो ताई, परत मका?" वांगेची कळवळून म्हणाली. "झाडाचा पत्ता आहे ना हातात? मग लावा की एखादं झाड!"

"मकाच बरा," कागेहा म्हणाली आणि पाठीवर बांधलेल्या पोराला जरा वर सरकवलं.

चर्चच्या ओसरीवर चटईभोवती शेजारपाजारची मंडळी बसली होती. नैरोबीच्या एका संस्थेकडून आलेल्या वांगेचीने प्रत्येकाला पुठ्ठ्याचं एकेक शेत दिलं होतं. त्यात मका पेरायचा की झाड लावायचं ते ज्याने त्याने ठरवायचं, मग फासा टाकायचा. फाशावर पाऊस, टोळ आणि दुष्काळ. दुष्काळ पडला की मका साफ, पण झाडवाल्याचं सरपण आणि चारा शिल्लक. शेवटी ज्याच्याकडे जास्त उरेल तो जिंकला, आणि त्याला सिल्व्हर ओकची खरीखुरी रोपं. त्यांचा ट्रे कठड्यावर ठेवला होता आणि सगळ्यांची नजर घडीघडी तिकडे जात होती.

खेळ कुणातरी शहाण्या माणसाने बनवला होता. पहिल्या दुष्काळातच कागेहाला तो पुरता उमगला. म्हणजे हरायचं कसं, ते उमगलं.

मरागोली लोकांत झाड लावणं म्हणजे जमिनीवर नाव लावणं. ज्याच्या हातचं झाड, त्याची जमीन. त्यावर मग कुणी तोंड उघडत नाही. आणि बाईने झाड लावायचंच नाही. लावलं तर नवऱ्याच्या जिवावर उठली म्हणतात. नवरा आधीच गेलेला असला तर म्हणतात, पूर्वी चोरून लावलं असणार, म्हणूनच तो गेला! लोकांच्या तोंडाला कोण लागणार?

कागेहाचा नवरा मागच्या काढणीनंतर गेला. त्याच्या तुकड्यावर एकही झाड नव्हतं. पाठीवरचं पोर मोठं होऊन स्वतःच्या हाताने कुदळ धरेपर्यंत तो तुकडा तसाच उघडा राखायचा, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. मक्यावरून कुणी हक्क सांगत नाही.

खेळात टोळ होते, दुष्काळ होता. दीर नव्हता. तो चटईच्या पलीकडे मांडी ठोकून बसला होता.

"वहिनी, खेळातसुद्धा मक्याच्या पिठाची उगालीच शिजवणार का?" चाहिलुने विचारलं. सगळे हसले. कागेहाही हसली.

फासा पडला. दुष्काळ. तिच्या पुठ्ठ्यावर एक दाणा उरला नाही, आणि तिला इतकं हायसं वाटलं की तिने घाईघाईने मान खाली घातली.

म्हातारा इम्बुगा जिंकला. टाळ्या झाल्या. वांगेचीने ट्रे उचलला, म्हाताऱ्याकडे निघाली आणि कागेहाच्या रिकाम्या शेतापाशी थबकली. खाली घातलेली ती मान पाहून पोरीचे डोळे भरून आले.

"बाबा, नियमाने ही रोपं तुमची," ती म्हणाली. "पण खरी गरज कुणाला आहे, सांगा?"

"दे बाई, तिलाच दे," इम्बुगा खुशीत म्हणाला. "माझ्याकडे पाय ठेवायला जागा नाही, आणखी झाडं कुठे कोंबू?"

"मला नको," कागेहा म्हणाली. "मी हरले."

"म्हणून तर!" वांगेचीने ट्रे तिच्या मांडीवरच ठेवला. पुन्हा टाळ्या पडल्या.

"आणखी एक डाव खेळू या," कागेहा घाईने म्हणाली. "या खेपेला नीट खेळते. झाडंच लावते, सगळीकडे लावते."

"पाहिलंत? पटलं की नाही ताईंना!" वांगेचीचा चेहरा फुलला. "पण आता पुढच्या गावाला जायचंय हो." ती पत्ते गोळा करू लागली.

चाहिलु उठून पँट झटकत म्हणाला, "लावायची काळजी सोडा, मॅडम. घरातला पुरुष मी आहे. आजच लावून टाकतो."

"असा दीर सगळ्यांना मिळो!" वांगेची म्हणाली.

"माझं पोर लावेल," कागेहा म्हणाली.

आता मात्र ओसरी हसून हसून लोळली. पाठीवरचं पोरही दचकून जागं झालं आणि रडू लागलं.

"त्याला आधी उभं तर राहू दे," चाहिलु म्हणाला.

"तोवर रोपं वाळून जातील, ताई," वांगेचीने समजावलं. "आणि आम्ही पुढच्या महिन्यात येऊन बघणार आहोत हं, जगली की नाही ते. ज्यांची मरतील त्यांना मग बियाणंसुद्धा मिळत नाही."

कागेहाने ट्रे डोक्यावर घेतला. चाहिलु हात हलवत पुढे चालला. घराजवळ आल्यावर त्याने तिच्याच दारातली कुदळ उचलली आणि तो बांध ओलांडून थेट तिच्या मक्यात शिरला. तुकड्याच्या मधोमध उभं राहून त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली.

"बांधावर लावा ना, भावोजी," ती म्हणाली.

"बांधावर वारा लागतो."

"मी नाही हात लावणार त्यांना."

"लावूच नका. लावायचं काम माझं," चाहिलु पहिला घाव घालत म्हणाला. तो अगदी मऊ बोलत होता. "तुम्ही फक्त रोज पाणी घाला, वहिनी. पाणी घालायला बाईमाणसाला कुणाची मनाई नाही."