दोन तासांची रजा

तू मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक. पराग फ्रँकफर्टहून रॉकेटने अडतीस मिनिटांत नाशिकला आला आणि थेट आयसीयूत वडिलांकडे, आप्पांकडे गेला. पूर्वी विमानाला नऊ-दहा तास लागायचे, तेव्हा वडील आजारी म्हटलं की आठवड्याची रजा मिळायची. आता साहेब म्हणतो, दोन तासांत जाऊन ये. या आठवड्यातली ही त्याची चौथी फेरी होती, आणि आता उशीर झाला तर नोकरीच जाणार होती.

डॉक्टर म्हणाले, "ऑक्सिजनचा मास्क असेल तर संध्याकाळपर्यंत राहतील. नसेल तर दहा मिनिटंसुद्धा नाही."

आप्पांनी डोळे उघडले. "कधी निघायचंय तुला?"

"आहे वेळ, आप्पा."

"थापा मारू नकोस."

"वीस मिनिटांनी."

"मग संध्याकाळी मी एकटाच की." आप्पा हसले. "तू असताना जायचंय रे मला. चल, आटपतो."

त्यांनी स्वतःच मास्क काढला आणि परागचा हात घट्ट धरला. मशीन वाजायला लागलं. परागचा दुसरा हात मास्कवर होता.

तू असतास तर परत लावला असतास?