मोहरीचा पाला

“भिंतीकडच्या वाफ्यात शिसं उतरायचं सोडून चढलंय,” माती तपासायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, आणि काकूंच्या हातातला झाडू थांबला.

बाई हातातलं यंत्र मातीला टेकवून टेकवून सगळं अंगण फिरल्या होत्या. मागच्या बाजूला पूर्वी जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी होती. भट्टी गेली, पण तिची राख या मातीत मुरून राहिली. ती काढायला बाईंनी अंगणभर मोहरी लावून घेतली होती. मोहरी मुळांनी शिसं वर ओढते, मग ती उपटून पिशव्यांत बांधून द्यायची, की पुन्हा नवी पेरायची. या अंगणातली मोहरी फोडणीत पडली नाही ती नाहीच.

दारात काकूंची मुलगी उभी होती, कडेवर पोरगं. पोराला नुकते पाय फुटले होते आणि खाली उतरायला ते नुसतं वळवळत होतं. पण जन्मल्यापासून त्याचा पाय आजोळच्या मातीला लागला नव्हता. फाटकातून कडेवर यायचं, कडेवरच जायचं. मातीचा कणही तोंडात जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“म्हणजे याही वेळी नाही,” मुलगी म्हणाली. “चल रे बाळा.”

“थांबा जरा.” बाईंनी पुन्हा यंत्र टेकवलं. “त्या वाफ्याला काही वेगळं खतबित घातलंत का?”

“खत?” काका खुर्चीतून म्हणाले. “अहो, त्या वाफ्याला ही जेवढं जपते ना, त्याच्या निम्मं मला जपली असती, तर मी आज पैलवान असतो.”

काकूंना गप्प बसता आलं असतं. विचारलं कुणी नसतं आणि कळलंही नसतं. पण मुलीने पिशवी खांद्याला लावलेली त्यांनी पाहिली.

“मी घातलं,” त्या म्हणाल्या. “पाला.”

“कसला पाला?”

“मोहरीचाच. पिकून गळतो ना खाली. रोज सगळं अंगण झाडते मी. झाडं पिशवीत भरा म्हणालात, ती मी भरली. एक काडी ठेवली नाही. पण गळलेला पाला कोण टाकून देतं? मी तो भिंतीकडच्या वाफ्यात पुरत गेले. मातीतलं मातीला.”

काकूंनी उभ्या आयुष्यात भाजीचं साल वाया घालवलं नव्हतं. आणि आज त्याच सवयीने नातवाच्या पायाखालची माती नासवली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई मात्र मटकन खाली बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या.

“काकू, मागच्या आठवड्यातही इथला आकडा चढलेलाच होता, तेव्हापासून मी डोकं खाजवतेय. म्हटलं, यंत्र बिघडलं की मी बिघडले. म्हणजे साऱ्या अंगणातून गळलेलं शिसं रोज गोळा करून तुम्ही एका जागी ठेवत होतात.”

“हो,” काकू खालमानेने म्हणाल्या.

“एका जागी आहे, हे तर उत्तमच झालं. बाकी अंगणातलं शिसं केव्हाच उतरलंय. त्या एका वाफ्यामुळे मी बोलत नव्हते, कारण तिथं का चढतंय तेच कळत नव्हतं. आता त्या वाफ्याभोवती जाळी लावू, पुढचा पाला पिशवीत जाऊ दे. आणि याला सोडा खाली.”

मुलगी हलली नाही. “तुमचं मूल असतं, तर सोडलं असतंत?”

“माझं असतं तर एव्हाना लोळत असतं.”

मुलीने आईकडे पाहिलं, मग मातीकडे. हळूच वाकून तिने पोराला उभं केलं. पोराने बोटं आक्रसली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि फतकल मारून बसलं. दोन्ही हातांनी मातीला थापट्या मारायला लागलं. मुलीने हात पुढे केला आणि मागे घेतला.

काकूंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले. “तुमचे उपकार कसे फेडू हो?”

“आधी जाळी आणा,” बाई म्हणाल्या.

काका जाळी शोधायला गेले. काकू पदराने तोंड पुसत भिंतीकडे गेल्या. वाफ्यातली मोहरी फुलावर आली होती. काकू तिच्याजवळ टेकल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या,

“चुकले गं बायांनो. हे जहर तुम्ही एकदाच प्यायचं होतं. मी तुम्हाला दोनदा पाजलं.”