पाठीवरची निरगाठ

"आधी सोडा, मग बोलू," ती म्हणाली आणि पडद्याआड जाऊन पाठ करून उभी राहिली. अंगावरचा लांब कोट तिने खुर्चीवर टाकला.

कारागीरबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. काळ्या चामड्याची, बिनबाह्यांची, अंगासरशी बंडी. पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत पितळी कड्यांच्या दोन रांगा, त्यांतून ओवलेली वादी. सगळ्यात खाली निरगाठ, टोकं आत खोचलेली.

"ही तर माझीच गाठ."

"हो."

"काल संध्याकाळी मारलेली."

"हो."

"म्हणजे रात्रभर अंगावरच?"

बाईंनी चामडं टोचायची आरी उचलली आणि गाठीत घातली. ओढ बसून वादी दगडासारखी झाली होती.

ती एका वाचनालयात कामाला होती. पुस्तकांवर नंबर घालायची. चार महिन्यांत तीनदा आली, दर वेळी हातात सूचनांचा कागद. मालकांना पाठीमागूनच बंद होणारं हवंय. मालक म्हणतात, गळ्याशी कडी हवी, पितळी नको, पोलादी. बाई बॅगा शिवत, खोगिरं दुरुस्त करत, मोटरसायकलवाल्यांची जाकिटं बेतत. त्यांना नवल वाटलं ते फक्त एवढ्या बारकाव्यांचं.

"तुमच्या मालकांचं बरंच लक्ष असतं हो," त्या म्हणाल्या होत्या. "आमच्या मालकांना चाळीस वर्षांत स्वतःच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण दिसलं नाही."

"नवरा नाही, ताई. मालकच. मी होऊन मानलेले."

बाईंनी "बरं" म्हटलं आणि टेप पुन्हा तिच्या कमरेभोवती घेतली. त्यानंतर ती मोकळेपणी बोलू लागली. असे मालक मानणाऱ्यांचं एक मंडळ आहे, तिथे कपडा पाटीसारखा वाचतात, तिने सांगितलं. पुढून बंद होणारा म्हणजे आपला आपण घातलेला. पाठीमागून बंद होणारा म्हणजे कोणीतरी घालून दिलेला. अशी बाई कुणाची तरी असते. काल शेवटचं माप बघून झाल्यावर ती म्हणाली, घालूनच जाते, मंडळ इथून जवळच आहे. घरी मालक सोडतील, अशा हिशेबाने बाईंनी गाठ पक्की मारली.

"मालक बाहेरगावी गेलेत का?" आरी फिरवत त्यांनी विचारलं.

"मालक गेले. दीड वर्ष झालं."

आरी थांबली. "मग ते कागद?"

"अक्षर माझंच. ते काय म्हणाले असते, मला ठाऊक असायचं."

त्या दिवशी स्मशानात ती सगळ्यांच्या मागे उभी होती. मालकांच्या बहिणीने चौकशी केली तेव्हा तिने सांगितलं, वाचनालयातली ओळख. बहीण म्हणाली, आलात, बरं वाटलं.

"ते गेल्यावर काल पहिल्यांदाच गेले मंडळात," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "पुढून बंद होणारं घालून गेले असते तर सगळ्यांना कळलं असतं, मी एकटी पडलेय. कीव केली असती."

"मग? केली?"

"छे. लांबूनच मान लववली सगळ्यांनी. आमच्यात दुसऱ्याने बांधलेल्या माणसाशी त्याच्या मालकाला विचारल्याशिवाय कोणी सलगी करत नाही. गाठीला तर हातही लावत नाहीत. तीन तास खुर्चीत बसले. एक जुने ओळखीचे तेवढे जवळ आले. म्हणाले, हात सुबक आहे, कोणी बांधलं?"

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, मालकीण आहे." ती पहिल्यांदाच हसली. "खोटं कुठे? दुकान तुमचंच ना?"

बाई हसल्या नाहीत. "आणि घरी?"

"हात पोचेना. कात्री घेतली, पण चामड्याला लावायचा धीर होईना. पलंगावर बसून राहिले, तुमची उघडायची वेळ होईपर्यंत."

गाठ सुटली. बाईंनी वादी एकेका कडीतून काढत नेली. वरपर्यंत पोचल्या तेव्हा तिने मोठा श्वास घेतला, बंडी उतरवली आणि अंगात कोट चढवला. बाईंनी बंडी टेबलावर उताणी टाकली, खडू घेतला आणि समोरच्या बाजूला मधोमध सरळ रेघ ओढली.

"हे काय करताय?"

"कड्या पुढे घेते. पाठ शिवून टाकते."

"नको, ताई. सगळ्यांना कळेल, मी कुणाचीच नाही."

"कळू दे की. कळल्याशिवाय जवळ कोण येणार?"

"पण मालकांना..." ती मध्येच थांबली.

बाईंनी खडू खाली ठेवला. "काल चारचौघांत मला मालकीण करून टाकलंत. मला विचारलंत? नाही ना? मग आता ऐका मालकिणीचं. आपलं आपण बांधायचं, आपलं आपण सोडायचं. आणि पुढच्या खेपेला खुर्ची अडवून बसायचं नाही, उठून चार माणसांशी बोलायचं. समजलं?"

तिची मान आपोआप खाली गेली. डोळे भरून आले, पण खांदे सैल पडले.

"हो," ती म्हणाली.

दीड वर्षात तिला कोणी हुकूम केला नव्हता.