मागची डिस्क, पुढची सीट

"कोणी विश्वास ठेवणार नाही, पण ब्रेक गेलेली एसटी मी कशेडी घाटात उभी केलीय. तीही ब्रेकवर पाय न ठेवता," असं म्हणून पंढरीनाथकाकांनी दुकानातलं एकुलतं एक स्टूल काबीज केलं.

केबिन रोडवरच्या त्या स्पेअर पार्टच्या दुकानात कोणाचं लक्ष नव्हतं. मालक दिपेश काउंटरवर दोन खोकी उघडत होता आणि समोर उभी असलेली संपदा खोक्यांत वाकून बघत होती. संपदा इंद्रलोक वसाहतीत काकांच्या वरच्या मजल्यावर नुकतीच राहायला आलेली. तिची लाल गाडी सेकंडहँड, पण वेगाला राक्षस. मागच्या चाकांच्या दोन्ही ब्रेक-डिस्क झिजून झिजून पातळ झालेल्या, पॅडचा नुसता पत्रा उरलेला. आणि रविवारी तीच गाडी ती पहिल्यांदा रेसच्या ट्रॅकवर घालणार होती.

ट्रॅकवर सगळ्यात शेवटी एक सावकाश फेरी असते. त्या फेरीला शेजारच्या सीटवर एक माणूस बसवता येतो. संपदाच्या नवऱ्याने, नीरजने, कोपरापासून हात जोडले होते. सीट रिकामी होती, आणि काकांचा डोळा त्या सीटवर होता.

पण ड्रायव्हर म्हणून मिरवणाऱ्याने शेजारची सीट मागायची कोणत्या तोंडाने? पहिल्या भेटीत काका एवढंच म्हणाले होते, "मी एसटीत होतो." म्हणताना दोन्ही हातांनी हवेत स्टिअरिंग मात्र फिरवलं होतं. तोंडाने खोटं बोलायची वेळच आली नाही, हातांनी निभावलं.

"मॅडम, ये देखो," दिपेशने भोकाभोकांची चकचकीत डिस्क वर धरली. "साथ में रेसिंग पॅड. लूक एकदम खतरनाक."

"हीच घे पोरी," काका म्हणाले. "चाळणीसारखी आहे. वारा इकडून शिरेल, तिकडून निघेल. ब्रेक तापायचं नाव नाही."

"आणि हे पॅड तापल्याशिवाय धरतच नाहीत, काका. सोमवारी सकाळी याच गाडीने मला ऑफिसला जायचंय. काशिमिऱ्याच्या सिग्नलला काय पॅड तापवत बसू?"

"तेच म्हणतोय मी!" काकांनी पापणीही न हलवता बाजू बदलली. "मागचं चाक म्हणजे घरातला म्हातारा. त्याने आपलं हळूच धरायचं. सुनेच्या आधी म्हाताऱ्याने ब्रेक मारला, की घर गोल फिरलंच म्हणून समज."

संपदा हसली. "हे मात्र बरोबर. मागचं चाक आधी अडकलं की गाडीची शेपूट पुढे येते." मग तिने दुसरं खोकं ओढलं. साधी डिस्क, एक भोक नाही. सोबत रस्त्याचेच पॅड, पण ट्रॅकच्या थोड्या फेऱ्या सोसतील असे. "दिपेशभाई, हीच जोडी. दोन्ही बाजूंना नवीन."

ती हसली म्हटल्यावर काकांच्या शिडात वारा भरला.

"तर कशेडी! गाडी ठासून भरलेली. उताराला लागलो आणि ब्रेक फेल. बायांनी देवांना हाका मारल्या. रत्नागिरीचे आले, रायगडचे आले, पण बसायला जागा नाही म्हणून सगळे देव उभे. पुढे वळण, आणि वळणावर आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो आडवा!"

"फिर?" दिपेशच्या हातातला पॅड हातातच राहिला.

"फिर काय? गाडी जुनी, शिस्तीतली. एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल, हे तिच्या हाडांत मुरलेलं. मी वर हात घातला आणि दोरी ओढली. टण! एकच. गाडी जागच्या जागी उभी! ब्रेक नाही, काही नाही, निव्वळ सवयीने. टेम्पोवाल्याने उतरून मला हापूस चारला, साल काढून."

"क्या बात है, काका!"

संपदा डिस्क तपासायला लागली. तिने नवी डिस्क पान्याच्या दांड्यावर अडकवून अधांतरी धरली आणि गाडीच्या किल्लीने हलकेच ठोकली. तडा असेल तर बद्द वाजते. ही मात्र स्वच्छ वाजली. तो नाद दुकानात रेंगाळला आणि काकांची मान आपसूक वर झाली, छताकडे, जिथे दोरी असायला हवी होती तिथे. उजवा हात अर्धा उचलला गेला.

संपदाने तो हात पाहिला.

"काका," ती मोठ्याने म्हणाली, "बेलची दोरी ड्रायव्हर कधीपासून ओढायला लागला? तुम्ही कंडक्टर होतात!"

दिपेश खो-खो हसला. काकांनी हात खाली घेतला, स्टूल सोडलं आणि ते चपला शोधायला लागले. दोन्ही पायांतच होत्या.

"कुठे निघालात? बसा," संपदा म्हणाली. "ड्रायव्हर आहे माझ्याकडे, मी स्वतः. शेजारच्या सीटलाच कोणी मिळत नव्हतं." मग तिने किल्ली त्यांच्यापुढे धरली, आणि पान्यावर टांगलेली डिस्कही. "रविवारी पहाटे निघायचंय. बेल देताय ना?"

काकांनी किल्ली घेतली. घसा खाकरला. पाठ ताठ केली.

टण. टण.