बांधावरचं पिवळं रान

"ब्रेम, अरे आळश्या! तुझं रान माझ्या कॉफीत घुसलं!"

पलीकडच्या मळ्यातून न्होई ओरडली. एवढ्या मोठ्यानं, की चर्चच्या रस्त्यावरच्या बायका पाठीवरच्या टोपल्यांसकट थांबल्या. बघितलं. हसल्या.

ब्रेमनं मान खाली घातली. बांध पिवळाधमक. रानसूर्यफूल. डोक्याच्या वर.

पावसात त्यानं तीनदा काढलं होतं. मुळासकट. तीनदा आलं. आधीपेक्षा दाट.

घरी आई तापलेली. "कॉफी तोडून संपत आली. मुलींकडचे मागणीला निघालेसुद्धा. तुला कोण नेणार? एक तण आवरत नाही!"

"काढतो गं, आई."

"मग ते काय रात्रीत चालत येतं?"

लांगब्यांग डोंगराच्या उतारावर मुलीकडचे मुलाला मागतात आणि आपल्या घरी नेतात. आणि इथं बातमीला पाय असतात. एका घरानं ब्रेमची चौकशी केली, मग गप्प. दुसऱ्यानं निरोप धाडला, मग मागे घेतला. तिसरं घर मागणीची माळ घेऊन निघालं आणि अर्ध्या वाटेवरून त्याच्या मित्राकडे वळलं.

ब्रेम पुन्हा बांधावर. कोयता. सपासप. केस पिकेपर्यंत आईच्याच चुलीशी बसायचं. सपासप. कुणी न मागितलेला पोरगा. सपासप.

रविवारी दारात माणसं. न्होई. तिची आई. तिचा मामा, हातात मण्यांची माळ.

ब्रेमच्या आईला वाटलं, भांडण. "काढलं हो त्यानं! कालच काढलं!"

"भांडायला नाही आलो," मामा म्हणाला. "मुलगा मागायला आलोय."

आई हरखली. पण खोटं तिला जमत नसे. "आधीच सांगते, पोरगा आळशी आहे. सगळा डोंगर म्हणतो. मागाहून परत आणून सोडायचा नाही."

मामा खोकला. "न्होई, बोल आता."

न्होईचे कान लाल झाले. "आळशी नाही तो. तो काढून गेला, की त्याच फांद्या मी पुन्हा खोचत होते. ओल्या मातीत कुठंही खोचा, जगतात."

ब्रेमच्या हातातला पेला तसाच राहिला. "पण का?"

"तीन घरं टपली होती तुझ्यावर," माळ त्याच्या गळ्यात टाकत न्होई म्हणाली, "आणि आमचा मामा कॉफीचा शेवटचा दाणा वाळल्याशिवाय मागणीला घराबाहेर पडत नाही."